दादाचा जामीन आणि कोरा सातबारा

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार. सोयाबीन कापणीला आलं होतं आणि मी मजूर ठरवायला शेजारच्या गावी गेलो होतो. तिथे वहिनीचा फोन आला. "भाऊजी, यांना आज घरी सोडत नाही म्हणतात."

त्याआधी दादा तीनदा जबाब द्यायला गेला होता आणि तिन्ही वेळा संध्याकाळी घरी येऊन जेवला होता. त्यामुळे सोडत नाही म्हणजे काय, हे माझ्या लवकर ध्यानातच आलं नाही. फटफटी तशीच तालुक्याकडे वळवली. ठाण्याच्या व्हरांड्यात दादा बाकावर बसलेला, चष्मा हातात. मला म्हणाला, "ऑफिसच्या कपाटात खालच्या कप्प्यात निळ्या फायली आहेत. त्या घरी नेऊन ठेव. कोणी मागितल्या तर झेरॉक्स द्यायची, मूळ नाही."

दादा चार्टर्ड अकाउंटंट आहे, आमच्या गावातला पहिला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. गावाचं आणि बँकेचं नाव लिहीत नाही, कारण खटला अजून उभा आहे. जामीन म्हणजे वकील उभा राहतो, जज हो म्हणतात आणि माणूस घरी येतो, इतकीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात अठ्ठ्याहत्तर दिवस लागले आणि त्यातले शेवटचे सात दिवस जामीन मंजूर झाल्यानंतरचे होते. आमच्यासारख्या गावातल्या दुसऱ्या कोणावर अशी वेळ आली तर त्याला काही गोष्टी आधी माहीत असाव्यात, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आधी त्याचं काम सांगतो, म्हणजे गुन्हा काय लावला ते कळेल. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या ग्रामीण शाखेचं कन्करंट ऑडिट दादाकडे होतं. ते वर्षाच्या शेवटी एकदा नसतं, दर महिन्याला असतं. शाखेत जायचं, नवी कर्जखाती, केवायसी, रोकड, तारण पाहायचं आणि महिन्याचा अहवाल शाखेला नि वरच्या कार्यालयाला द्यायचा. फी अशी की, त्यात पेट्रोल आणि मदतनीस मुलाचा पगार जाऊन फारसं काही उरायचं नाही. पण बँकेचं काम म्हणून दादाला त्याची किंमत वाटायची.

प्रकरण सोनेतारण कर्जाचं. शेतकरी दागिने घेऊन येतो. बँकेने नेमलेला सराफ ते कसोटीवर घासतो, ॲसिड लावून कस पाहतो, वजन करतो आणि दाखला देतो. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळायचं. दागिने पाकिटात सील करून तिजोरीत जातात आणि तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. ऑडिटर पाकिटं मोजतो, रजिस्टरशी ताळा घालतो, काही पाकिटं काढून वजन करतो, सील आणि सह्या पाहतो. आतलं सोनं खरं आहे की पितळेवर मुलामा आहे, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठीच सराफ नेमलेला असतो.

फिर्यादीत म्हटलं होतं की २०२२ आणि २०२३ मध्ये आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना नावापुरते दोन-चार हजार देऊन त्यांच्या नावाने खोटं सोनं गहाण ठेवलं गेलं. पुढे दुसऱ्या सराफाकडून फेरतपासणी झाली तेव्हा ते उघडकीला आलं. आकडा दीड कोटीच्या वर. मॅनेजर, सराफ, तीन दलाल, आणि सहाव्या नंबरला दादा.

दादाची चूक झालीच नाही असं मी म्हणत नाही. दोन महिने तो स्वतः शाखेत गेला नव्हता. आमच्या आईचं ऑपरेशन होतं. मदतनीस मुलगा जाऊन आला आणि दादाने त्याच्या टिपणांवर सही केली. आणखी एक. गंभीर बाब दिसली तर मासिक अहवालाची वाट न पाहता वेगळा विशेष अहवाल ताबडतोब वर पाठवायचा असतो. तो दादाने पाठवला नाही. पण चार महिन्यांच्या अहवालात त्याने स्पष्ट लिहिलं होतं: सगळ्या खात्यांना एकच सराफ आहे, वेगवेगळ्या कर्जदारांच्या अर्जांवर एकच मोबाइल नंबर आहे, दुसऱ्या सराफाकडून फेरमूल्यांकन करून घ्यावं. त्यावर शाखेचं उत्तर दोन शब्दांचं, "नोंद घेतली."

आमचे बाबा सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव होते. त्यांचं एक सांगणं आम्हा दोघांनाही पाठ आहे, पोच घेतल्याबिगर कागद हातचा सोडायचा नाही. त्या चारही अहवालांच्या प्रतींवर बँकेचा आवक शिक्का होता, तारीख होती, सही होती. निळ्या फायलींमध्ये तेच होतं.

ऑगस्टमध्ये गुन्हा नोंदला गेला तेव्हा वकीलसाहेबांनी अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकू असं सुचवलं होतं. दादाने ऐकलं नाही. "मी साक्षीदार आहे. ज्यानं आक्षेप लिहिला त्यानंच अगोदर जामीन मागायचा म्हणजे काय?" त्याला हजर राहण्याची नोटीस आली होती आणि तो दर वेळी वेळेवर हजर झाला होता. बोलावलं तेव्हा येणाऱ्या माणसाला अटक करत नसतात, अशी त्याची खात्री. कायद्याचा रोख तसाच आहे, पण अटक करायचीच असेल तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ती करता येते. तशी ती लिहिली: तपासात सहकार्य नाही, पुराव्याशी छेडछाड होण्याची शक्यता. मला आजही वाटतं की त्या ऑगस्टमध्ये दादाचा मान बाजूला ठेवून आम्ही तो अर्ज टाकायलाच हवा होता.

कलमांचा घोळ आम्हाला फार दिवस उमगला नाही. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, पण घटना त्याआधीची. म्हणून गुन्ह्याची कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची, ४०९, ४२०, ४६७, ४६८, ४७१, १२०-ब, म्हणजे अपहार, फसवणूक, बनावट कागद आणि कट. आणि अटक, रिमांड, जामीन ही प्रक्रिया नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची. जामिनाच्या नेहमीच्या ४३९ ऐवजी आमच्या अर्जावर ४८३ लिहिलेलं होतं. मी घाबरून वकीलसाहेबांना विचारलं, हे आणखी एक कलम लावलं का? ते म्हणाले, "नाही हो, हे आपलं कलम आहे, सुटायचं."

पाच दिवस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. पोलीस कोठडीत असेपर्यंत जामिनाचा विचार पुढे सरकत नाही, न्यायालयीन कोठडी झाली की अर्ज टाकता येतो, हेही तेव्हाच कळलं. घटस्थापनेच्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात अर्ज फेटाळला गेला. कारण ४०९. विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार लोकसेवकाने किंवा बँकरने केला तर त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि जन्मठेपेच्या गुन्ह्यात खालचं कोर्ट सहसा जामीन देत नाही. आमचं म्हणणं साधं होतं: सोनं दादाकडे सोपवलंच कधी होतं? किल्ली त्याच्याकडे नव्हती, पाकीट त्याच्या ताब्यात एक तासही नव्हतं. पण ते म्हणणं ऐकून घेणारं कोर्ट गाठायला अजून दोन महिने लागायचे होते.

सत्र न्यायालयात पहिल्या तारखेला सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला नाही. दुसऱ्या तारखेला से आला, पण तपास अधिकारी कागद घेऊन आले नाहीत. तिसऱ्या तारखेला युक्तिवाद झाला. चौथ्या तारखेला निकाल, नामंजूर. आर्थिक गुन्हा, जनतेचा पैसा, तपास चालू. दर तारखेला मी सकाळी सहाची एसटी धरायचो आणि कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसून राहायचो. बोर्डावर आमचा नंबर एकतीस असला तरी उठून चहाला जायचं धाडस होत नव्हतं.

पैशाचं सांगायलाच हवं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. खरेदी केंद्रावर माल द्यायचा तर १२ टक्के ओलाव्याची अट, नोंदणी, मग पैशाची वाट. मला नागपूरच्या वकिलांची फी आठवड्यात भरायची होती. बाजार समितीत ओला म्हणून चार हजारांच्या आसपास भावाने अख्खी सोयाबीन काढली. बाबांनी पावती पाहिली आणि घडी करून परत दिली, एक शब्द बोलले नाहीत.

दादाची भेट आठवड्यातून एकदा व्हायची. पहिल्या भेटीत तो घरचं काहीच बोलला नाही, फायलींचं बोलला. कोणत्या महिन्याच्या अहवालात कितव्या पानावर काय लिहिलं आहे, ते सगळं त्याने तोंडपाठ सांगितलं. दुसऱ्या भेटीत वहिनीने विचारलं, झोप लागते का? तेव्हा त्याचे डोळे भरले. आत दीडशे लोकांत आपल्याला सगळे "ऑडिटरसाहेब" म्हणतात आणि अर्ज लिहून घ्यायला येतात, असं तो म्हणाला. हायकोर्टासाठी वकालतनाम्यावर, म्हणजे वकिलाला अधिकार देणाऱ्या कागदावर, त्याची सही लागत होती. आतल्या माणसाची सही जेलच्या अधिकाऱ्यासमोर होऊन त्यांचा शिक्का लागतो, तेवढ्याच कागदाला चार दिवस गेले.

अर्ज नागपूर खंडपीठात दाखल झाला आणि दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर पहिल्या तारखेला सरकार पक्षाला नोटीस निघाली. पुढे २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. तपास अधिकारी बंदोबस्तात, उत्तर दाखल होईना. या काळात नात्यातल्या लोकांनी आम्हाला नव्वद दिवसांचं गणित सांगितलं. इतक्या मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, मग कशाला धडपडता, थांबा, म्हणाले. वकीलसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी चार्जशीट येईल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. त्या आशेवर माणूस आत ठेवू नका."

२८ नोव्हेंबरला सुनावणी झाली. सिव्हिल लाइन्समधल्या त्या मोठ्या दगडी इमारतीत मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. सगळं इंग्रजीत. जेमतेम वीस मिनिटं चाललं असेल. आमच्या वकिलांनी इंग्लंडमधला १८९६ सालचा किंग्स्टन कॉटन मिलचा निकाल सांगितला. ऑडिटर हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असं त्यात म्हटलं आहे. मग त्यांनी निळी फाईल उघडली. न्यायमूर्तींनी त्यातला एक अहवाल मागून घेतला, पान उलटलं आणि सरकारी वकिलांना विचारलं की हा आवक शिक्का बँकेचाच आहे की नाही. सरकारी वकिलांनी मागे वळून तपास अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकारी म्हणाले, बँकेचाच आहे. आणि हे अहवाल तुमच्या कागदांत का नाहीत? त्यावर कोणी काही बोललं नाही.

मला इंग्रजी अर्धंमुर्धंच कळतं, पण ते न बोलणं मला पुरतं कळलं.

३ डिसेंबर, मंगळवार, जामीन मंजूर. निकालात लिहिलं होतं की सगळा पुरावा कागदोपत्री आहे आणि तो जप्त झाला आहे. अर्जदाराच्या खात्यात गुन्ह्यातला पैसा गेल्याचं दिसत नाही. सोनं त्याच्या ताब्यात नव्हतं. हलगर्जी झाली का हे खटल्यात ठरेल, पण तेवढ्यावरून कटात सामील होता असं प्रथमदर्शनी म्हणता येत नाही. अटी: पन्नास हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, तेवढ्याच रकमेचे दोन ऐपतदार जामीनदार, दर सोमवारी आर्थिक गुन्हे शाखेत हजेरी, परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही, साक्षीदारांशी संपर्क नाही.

वहिनीने देवासमोर साखर ठेवली. आता आणायलाच जायचं, असं सगळ्यांना वाटलं. ऑर्डर ऑनलाइन दिसायला बुधवारची संध्याकाळ झाली. गुरुवारी मी नागपुरातून सही-शिक्क्याची प्रत घेतली. शुक्रवारी तालुक्याच्या कोर्टात माझा सातबारा घेऊन उभा राहिलो.

क्लार्कने "इतर हक्क" या रकान्यावर बोट ठेवलं. "बोजा आहे."

पीककर्ज. एक लाख वीस हजार. दर वर्षी उचलतो, दर वर्षी नवं-जुनं करतो. ज्या जमिनीवर आधीच बँकेचा बोजा आहे ती जामिनाला चालणार नाही, दुसरा माणूस आणा, असं त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी गावात बसून मी मनातल्या मनात एकेक घर घेतलं. चुलत्यांचा सातबारा, बोजा. शेजाऱ्यांचा, बोजा. पोलीस पाटलांचा, ट्रॅक्टरचा बोजा. वरच्या आळीतल्या दोघांच्या जमिनी भोगवटादार वर्ग-२, परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही म्हणून त्याही नाहीत. निवडणुकीत प्रत्येक सभेत सातबारा कोरा करण्याचं ऐकलं होतं. सातबारा कोरा नसला की माणसाला भावासाठी जामीनही राहता येत नाही, हे मला त्या शुक्रवारी समजलं. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनी बँकेचं मॅटर म्हटल्यावर हात जोडले. त्यांना मी दोष देत नाही.

शनिवारी कोर्ट चालू होतं, तहसील बंद. कोर्टाच्या फाटकाबाहेर एक जण जवळ आला. "दोन जामीनदार, बारा हजार. कागद तयार हायेत, फोटोही लागलेले हायेत." त्याने फाइल उघडून दाखवली. तीन एकर, वर्ग-१, इतर हक्क रिकामा. अगदी कोरा. खाली तलाठ्याचा गोल शिक्का आणि सही. मी पडताळणी क्रमांक शोधला. ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळणाऱ्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर तो असतोच. या कागदावर नव्हता. शाईच्या शिक्क्याची कडा एका जागी तुटलेली होती, आणि दुसऱ्या जामीनदाराच्या सातबाऱ्यावर, जो वेगळ्या तालुक्यातल्या वेगळ्या गावचा होता, तीच कडा तिथेच तुटलेली होती.

दादा आत दहा आठवड्यांवर होता. खोटा माल खरा म्हणून पुढे जाऊ दिला, हाच त्याच्यावर आरोप. आणि मी त्याला खोट्या सातबाऱ्यावर बाहेर आणायला बारा हजार मोजणार होतो. मोजणार होतो हे खरं आहे, माझा हात खिशाकडे गेला होता. मग आठवलं की बाहेर आल्यावर तो पहिल्यांदा जामिनाचे कागद मागेल आणि वाचेल. मी त्या माणसाला नाही म्हटलं आणि एसटी स्टँडवर जाऊन बराच वेळ बसलो.

त्याच रात्री बाबांनी काकूंचं नाव काढलं. नात्याने आमच्या कोणी नाहीत, गावाच्या नात्याने काकू. २००६ साली त्यांच्या मालकांनी कर्जापायी औषध घेतलं. पंतप्रधान विदर्भात आले आणि पॅकेज जाहीर झालं ते हेच वर्ष. त्यानंतर काकूंनी दोन एकरांत तूर-कापूस केला, मजुरीला गेल्या, पण सोसायटीचं किंवा बँकेचं एक रुपयाही कर्ज उचललं नाही. त्यांचा सातबारा अठरा वर्षं कोरा होता, आणि तो का कोरा होता हे अख्ख्या गावाला माहीत होतं. म्हणूनच शुक्रवारी घरं मोजताना त्यांचं नाव माझ्या मनात आलं नसावं. त्यांच्याकडे असा कागद मागायला तोंड होत नव्हतं.

मी आणि बाबा गेलो. त्या कापूस वेचून नुकत्याच आल्या होत्या, पदरात बोंडाच्या पात्या अडकलेल्या. मी सगळं सांगितलं, तो पळाला तर पन्नास हजार तुमच्या जमिनीतून जातील हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "सही कराव लागते का अंगठा?" मी म्हटलं, सही. "मंग सोमवारी येतो. मले सही येते."

दुसरे जामीनदार एक शिक्षक मिळाले, पगारपत्रकावर. त्यांच्या कागदांना फार वेळ लागला नाही.

सोमवारी दुपारी अडीचला काकूंचा पुकारा झाला. सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, घरटॅक्सची पावती, सगळं मी एका पिशवीत लावून दिलं होतं. त्यांनी ती पिशवी छातीशी धरलेली. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीला ओळखता का?

"वळखतो ना साहेब. मालक गेले तवा मदतीचे कागद यानंच लिहिले होते. कॉलेजात होता तवा."

मला हे माहीत नव्हतं. दादाने कधी सांगितलं नव्हतं.

"तो तारखेला आला नाही तर पैसे तुम्हाला भरावे लागतील, समजतं का?"

"समजते साहेब. थो येईन."

साहेबांनी सही केली. रेशनकार्डावर जामीन घेतल्याची नोंद झाली. रक्कम बेताची असल्यामुळे तहसीलच्या ऐपत दाखल्याचा त्यांनी आग्रह धरला नाही, हे त्यांचे उपकार. पण रिलीज ऑर्डर टाइप होऊन बाहेर पडायला पाच वाजून गेले आणि जेलच्या त्या दिवशीच्या सुटकेची वेळ टळली. आणखी एक रात्र. नंतर वकीलसाहेब म्हणाले की हायकोर्टातच तात्पुरत्या रोख जामिनाची मुभा मागून घेतली असती, तर पैसे भरून दादा गुरुवारीच बाहेर आला असता आणि जामीनदार शोधायला काही आठवडे मिळाले असते. अर्ज करतानाच ते मागायचं असतं. आम्हाला सुचलं नाही, त्यांनाही त्या घाईत सुचलं नाही. हे वाचणाऱ्याने तेवढं जरूर लक्षात ठेवावं.

मंगळवारी १० डिसेंबरला संध्याकाळी दादा फाटकाच्या छोट्या दारातून वाकून बाहेर आला. पँट ढिली झालेली, हातात कापडी पिशवी. वहिनीकडे पाहिलं, बाबांच्या पाया पडला. मग खिशातून चार घड्या केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्याच्या बराकीत एका भूमिहीन मजुराचा पोरगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. मोटारपंपाच्या केबलच्या चोरीचा आरोप, पंधरा हजारांवर जामीन मंजूर, आणि मंजूर होऊन तीन महिने झालेले. जामीनदार नाही म्हणून आतच. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिना उलटूनही जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अट सैल करण्याचा विचार करावा. दादाने आत बसून त्या पोराच्या नावाने अर्ज लिहिला होता. हा कागद त्याची नक्कल.

दुसऱ्या दिवशी, अंघोळ करून, दाढी करून, तो मला घेऊन प्राधिकरणाच्या कार्यालयात गेला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. पोरगा जानेवारीत जातमुचलक्यावर सुटला.

दादाचं नाव बँकांच्या पॅनेलवरून गेलं आहे. दोषारोपपत्र आलं, त्यात तो आहे. वकील म्हणतात आता दोषमुक्तीचा अर्ज करू. ऑफिस उघडं असतं, जीएसटीची, आयकराची थोडी कामं येतात. जुन्या लोकांपैकी काही आले, काही आले नाहीत.

सोमवारी हजेरीला मी बरेचदा त्याच्याबरोबर जातो. रजिस्टर पुढे सरकवलं की दादा चष्मा लावतो. आधी तारीख पाहतो, मग वेळ, मग आपलं नाव बरोबर लिहिलं आहे का ते, मग वरच्या ओळींतल्या मागच्या सोमवारच्या सह्या. हवालदार सुरुवातीला घाई करायचे. आता ते पेन हातात देऊन चहा ओतायला वळतात, आणि दादाचं वाचून होईपर्यंत थांबतात.